उचल, कोयता, मुकादम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबाबदारी घ्यायची तर मराठी माणूस विडा उचलतो, पदर खोचतो, भार शिरावर घेतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोद्याकडे मात्र दसरा जवळ आला की ऊसतोड मजुरांच्या शिरावरच्या वेगळ्याच भाराचं बोलणं कानावर येतं : 'यंदा किती उचल घेतली?' ऊसतोडीच्या या बोलीबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : उचल म्हणजे हातात आलेली आगाऊ मजुरी.
वस्तुस्थिती : ती कर्जासारखी 'अंगावर' असते आणि ऊस तोडून टनावारी फेडायची असते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये ठरला. या दराने एक लाखाची उचल फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तरी साडेचार महिने. त्यात मधली खर्ची, म्हणजे हंगामात घरखर्चाला घेतलेले पैसे, पुन्हा खात्यावर चढते. हंगाम सरला तरी बाकी निघते, ती यामुळे.

गैरसमज : कोयता म्हणजे फक्त हत्यार.
वस्तुस्थिती : नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. सौदा बहुधा नवऱ्याशी ठरतो, पैसाही त्याच्याच हाती पडतो. फेड मात्र दोघांच्या अंगावर. बाई आजारी पडून फडात गेली नाही तरी खाडा धरतात आणि दंड लावतात.

गैरसमज : मुकादम कारखान्याचा नोकर.
वस्तुस्थिती : तो मजुरांची टोळी पुरवणारा मध्यस्थ आहे. तोडणीच्या रकमेवर त्याला 20 टक्के कमिशन मिळतं. कारखाना किंवा वाहतूकदार त्याला पैसे देतो, तो ते कोयत्यांना वाटतो. मजुराने उचल बुडवली की भरपाई मुकादमाच्या गळ्यात येते. म्हणूनच वसुलीला तो इतका कडक असतो.

गैरसमज : उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवता येतं.
वस्तुस्थिती : उचल देणं-घेणं गुन्हा नाही. पण तिच्यापोटी माणसाला डांबणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं ही वेठबिगारी आहे. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असं कर्जच रद्द ठरतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. 'त्यानंच अंगावर घेतली होती' हा बचाव तिथे चालत नाही.