मांजराचं पिल्लू घरी आणताना...

घरात आधीपासून कुत्रा, मोठं मांजर किंवा पक्षी असतील, तर एवढं सांभाळा :

• वय : ८ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका.

• वेगळी खोली : पहिले १० ते १४ दिवस पिल्लाचा मुक्काम, भांडी, ट्रे सगळं वेगळं. शिंका, जुलाब, पिसवा यांवर लक्ष ठेवा.

• ओळख : आधी वासाची. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं कुत्र्याजवळ ठेवा, कुत्र्याचं पिल्लाजवळ. मग जाळीआडून दर्शन. समोरासमोर आणताना कुत्र्याला पट्टा हवाच आणि पिल्लाला वर चढून बसायला जागा.

• खाणं : मांजराला आहारातून टॉरिन मिळावं लागतं, कुत्र्याच्या खाण्यावर ते भागत नाही. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होऊ शकतात.

• ट्रे : मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी.

• औषधं : कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजरापासून दूर ठेवा. पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका.

• लस : ६ ते ८ आठवड्यांपासून सुरुवात, रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात. जंतांचं औषध डॉक्टर वजन पाहून ठरवतील.

• पक्षी : पिंजरा बंद खोलीत, उंचावर ठेवा. मांजराचा दात किंवा नख जरासं लागलं, तरी त्यातल्या जिवाणूंमुळे पक्षी दगावू शकतो. जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.