ईस्ट इंडियन

मुंबई, साष्टी व वसई ह्या उत्तर कोकणातील प्रदेशांत पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांच्या वंशजांस लावली जाणारी इंग्रजी संज्ञा. ह्या लोकांची वस्ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असल्याने नावातील ‘पूर्व’ हा शब्द विसंगत वाटतो. परंतु ती दिशा यूरोपच्या दृष्टीने ठरलेली आहे. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला व त्यांनाच त्याने इंडिया मानले. पुढे ती बेटे वेस्ट इंडीज आणि भारत व आग्नेय आशिया हे प्रदेश ईस्ट इंडीज म्हणून ओळखले जाऊ लागले. १६०० मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नावातही हाच अर्थ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये ही संज्ञा यूरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या लोकांस लावीत. हेन्री डिरोझिओ ह्याने १८३१ मध्ये कलकत्त्यास काढलेल्या द ईस्ट इंडियन ह्या वृत्तपत्राच्या नावात तो अर्थ आढळतो. कालांतराने त्या समाजासाठी अँग्लो-इंडियन ही संज्ञा रूढ झाली.

मुंबईकडील अर्थ ह्याहून वेगळा आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह ह्याने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांस दिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने ती जिंकली. येथील ख्रिस्ती लोकांस ब्रिटिश अमदानीतही ‘पोर्तुगीज ख्रिस्ती’ म्हणत. नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती लोकांसही तेच नाव होते. मात्र गोमंतकीय हे पोर्तुगालचे, तर स्थानिक हे ब्रिटिशांचे प्रजाजन होते. हा भेद स्पष्ट करण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, स्थानिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

वसई परिसरात मात्र सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी इ. जुनी समाजनामे अद्याप प्रचारात आहेत. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्र’ (मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे जोडलेला नातलग) ह्यावरून आला असावा, असे मानतात. ह्या समाजांच्या सामवेदी, वाडवळी इ. बोली मराठीच्याच आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. त्यामुळे ‘ईस्ट इंडियन’ ह्या इंग्रजी नावावरून हा समाज परकीय वा मिश्र वंशाचा समजणे चुकीचे आहे. ते नाव त्याचे मूळ सांगत नसून केवळ एका राजकीय कालखंडाची खूण आहे.