थांबण्याचे कारण

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरमाथ्यावर पुढे असतात त्या लाल मातीच्या वाटा आणि दाट झाडी. ज्येष्ठांनी रमतगमत हिंडावे आणि निसर्गाची छायाचित्रे टिपावीत, असे हे ठिकाण.

माझे एक रुग्ण, बाहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक, पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर पडेनासे झाले होते. मुलीने त्यांच्या हाती लहानसा कॅमेरा दिला आणि त्यांना माथेरानला नेले. ते पुन्हा चालू लागले. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय, शार्लोट तलावातील झाडांची प्रतिबिंबे, संध्याकाळी काळवंडत जाणारा प्रबळगड, हे सारे ते दवाखान्यात येऊन कौतुकाने दाखवीत.

गेल्या हिवाळ्यात मुलगी सहज म्हणाली, "डॉक्टर, हल्ली बाबा चढावर फारच फोटो काढतात." मी कॅमेरा मागून घेतला. सपाट वाटेवरची चित्रे नेहमीसारखीच सुंदर होती. चढावर मात्र नुसती मुळे, दगड आणि माती. दोन चित्रांमधील अंतर जेमतेम तीन-चार मिनिटांचे. मुलगी औषधे आणायला गेल्यावर मी विचारले, "सर, इथे काय दिसलं तुम्हाला?"

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. थांबलं की जातं. पोरीला कळलं तर माथेरान बंद होईल, म्हणून बोललो नाही."

श्रमाने येणारी आणि विश्रांतीने ओसरणारी अशी वेदना हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. अशा रुग्णाचा विश्रांतीच्या वेळचा ईसीजी निर्दोष येऊ शकतो; त्यांचाही तसाच आला. पुढील तपासण्यांत अडथळा आढळला आणि वेळीच उपचार झाले. मी त्यांची चित्रे वर्षभर पाहत होतो. त्यांवरच्या वेळा कधी पाहिल्या नव्हत्या, याची खंत मला आहे.

छायाचित्रणामुळे चालणाऱ्याला आपोआप विसावा मिळतो, हा या छंदाचा मोठा गुण. मात्र काही पथ्ये पाळावीत. हृदयविकार, मधुमेह वा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. बोलता बोलता धाप लागणार नाही, इतक्याच गतीने चालावे. चालताना पडद्याकडे पाहू नये. आधी थांबावे, पाय स्थिर करावेत, मग कॅमेरा उचलावा. कड्याजवळ चौकट जुळविण्यासाठी मागे सरकू नये. फुलाचे चित्र वाकून घेतल्यावर सावकाश उठावे, अन्यथा भोवळ येऊ शकते. पाणी, नेहमीची औषधे आणि मधुमेहींनी साखर जवळ ठेवावी. छातीतील वेदना विश्रांतीनेही थांबली नाही किंवा सोबत घाम फुटला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

सोबत जाणाऱ्यांना एक विनंती. वडीलधारे थांबले की "का थांबलात?" असे मायेने विचारा आणि उत्तर काहीही आले तरी "आता फिरणे बंद" हे वाक्य उच्चारू नका. त्या धाकानेच दुखणी लपविली जातात.

हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने सर चार महिन्यांनी पुन्हा माथेरानला गेले. परतल्यावर त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आधी वेळा पाहा, मग सूर्योदय."