कॅप्शनवर कागदाची पट्टी

वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूच्या सार्वजनिक ग्रंथालयात कॅमेरा कसा चालवावा हे सांगणारी पुस्तकं ७७० क्रमांकात सापडतात. वृत्तछायाचित्रण वाचायचं तर पत्रकारितेच्या ०७० क्रमांकाकडेही वळावं लागतं. ते योग्यच आहे. ॲपर्चर आणि शटर चार दिवसांत समजतात. बातमी समजायला वेळ लागतो.

माझी वाचायची रीत साधी. पान उघडलं की कॅप्शनवर कागदाची पट्टी ठेवायची आणि फोटोत दिसतं तेवढंच वहीत उतरवायचं. छायाचित्रकार डोरोथिया लँगचा १९३६ सालचा, ‘मायग्रंट मदर’ म्हणून गाजलेला फोटो घ्या. आईची बोटं गालाला टेकलेली, दोन मुलं तिच्या खांद्यांवर तोंड लपवून, मांडीवर तान्हं बाळ. बस. ती वाटाणे तोडणारी मजूर आहे, हे आपल्याला कॅप्शन सांगते. पट्टी काढावी आणि नाव शोधावं, तर ते नाहीच! लँगने विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. गाडी बिघडल्यामुळे आपण मजुरांच्या त्या तळावर फक्त थांबलो होतो, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. एवढा थोर फोटो, आणि नोंद अशी अर्धवट.

पण याच लँगच्या १९४२ च्या कॅप्शन वाचाव्यात. दुसऱ्या महायुद्धात जपानी-अमेरिकनांना छावण्यांत हलवताना सरकारने तिलाच फोटो काढायला नेमलं, मग लष्करानेच ते दाबून ठेवले. ‘इम्पाउंडेड’ हे त्या फोटोंचं पुस्तक आलं २००६ मध्ये. बेलव्ह्यूत स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या जपानी कुटुंबांनाही १९४२ मध्येच नेलं, म्हणून कॅलिफोर्नियातले हे फोटो इथे बसून पाहताना मी जास्त रेंगाळतो. हेवर्डचं मोचिदा कुटुंब बसची वाट पाहत उभं आहे. पोरांच्या कोटांना सामानाला लावावीत तशी लेबलं. कॅप्शन झाकलेली असेपर्यंत ही फक्त हलवली जाणारी माणसं. कॅप्शन सांगते: दोन एकर जागा, पाच ग्रीनहाऊस, स्नॅपड्रॅगन आणि स्वीट पीची फुलं. काय हिरावलं गेलं, त्याचा हिशेबच. तो कुठल्याही लेन्समध्ये मावला नसता.

आता शेतकरी बाजारात फोटो काढला की मी लगेच वही काढतो: नाव, त्याचं स्पेलिंग, पीक काय, जमीन स्वतःची की खंडाची. गंमत म्हणजे लोक कॅमेऱ्यासमोर हसतात आणि वही दिसली की सावध होतात.