समोर सख्खा भाऊ

गिरणीमालकाच्या घरातल्या बाईने दवाखाना काढावा, शाळेला देणगी द्यावी, नावाची संगमरवरी पाटी लावून घ्यावी. कुणाची हरकत नसते. अहमदाबादच्या अनसूया साराभाईंनीही सुरुवात शाळेपासूनच केली. पुढे त्या संपात उतरल्या, आणि तिथे मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते: कॅलिको मिलचे अंबालाल.

जन्म १८८५चा. आईवडील लवकर गेले. तेराव्या वर्षी झालेलं लग्न टिकलं नाही. शिकायला इंग्लंडला धाडलं ते याच भावाने. डॉक्टर व्हायचं होतं, पण प्राण्यांची चिरफाड जैन मनाला सोसेना, म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेल्या. १९१३मध्ये परतल्या. एका सकाळी अंगणात मुलांचे केस विंचरत असताना पंधराएक कामगार झोपेत चालल्यासारखे समोरून गेले. विचारलं, तर सलग ३६ तास काम करून ते घरी निघाले होते. तिथून त्या कामगारांच्या बाजूला वळल्या.

प्लेगच्या दिवसांत कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून मालक बोनस देत होते. साथ ओसरली तसा तो बंद करायचं ठरलं; महागाई मात्र ओसरली नव्हती. मालक २० टक्के वाढीवर अडले, गांधीजी आणि अनसूयाबेन ३५वर. फेब्रुवारी १९१८मध्ये टाळेबंदी झाली. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा भरे. त्याच दिवसांत अंबालाल आश्रमात गांधीजींच्या पंगतीला बसत आणि वाढायला बहीण असे!

संप लांबला, घरातले दाणे संपले. एका चाळीत कामगार बोलून गेले, गांधीजी-अनसूयाबेनना काय, मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात. खोटं नव्हतंच ते. हे कानावर आलं आणि गांधीजी उपोषणाला बसले. तीन दिवसांत तडजोड झाली. पुढे पंच आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच ठरवले.

१९२०मध्ये मजूर महाजन ही गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली. महाजन हा गुजरातेत व्यापाऱ्यांच्या संघाचा शब्द. तो कामगारांच्या दारावर लागला, हे मला पगारवाढीइतकंच मोठं वाटतं. कामगार त्यांना मोटाबेन, म्हणजे थोरली बहीण म्हणत.

महाजनाच्या महिला विभागातून इला भट्ट यांनी १९७२मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली. त्याच वर्षी मोटाबेन गेल्या. १९८१मध्ये मजूर महाजनाने ‘सेवा’ला बाहेर काढलं.