माशीला भुलणारे मासे

डेन्मार्कमध्ये डोंगर असा नाहीच. देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा जेमतेम १७१ मीटर. खडकांवरून उड्या घेणारे ओढे इथं शोधू नयेत. पश्चिम युटलंडमधून वाहतात त्या संथ, नागमोडी, गवताळ काठांच्या लहान नद्या. तरीही ट्राउट आणि त्याचा भाऊबंद ग्रेलिंग इथं नांदले, ते जमिनीच्या पोटातल्या पाण्यामुळं. शेवटच्या हिमयुगात बर्फाची चादर युटलंडच्या मध्यापर्यंत येऊन थांबली. तिच्यातून वितळून निघालेल्या पाण्यानं पश्चिमेला वाळू आणि गोट्यांची मैदानं पसरवली. आज पाऊस त्या वाळूत मुरतो आणि झऱ्यांवाटे सावकाश नदीला मिळतो. त्यामुळं नदी उन्हाळ्यात फार तापत नाही आणि हिवाळ्यात सहसा गोठत नाही. या माशांना हवं असतं ते हेच, गार आणि प्राणवायूनं भरलेलं पाणी.

अशा नद्यांच्या तळच्या गाळात बिळं करून एक अळी राहते. ओटो फ्रीडरिक म्युलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञानं १७६४ मध्ये तिच्या जातीला इफेमेरा डॅनिका असं नाव दिलं. ही मेफ्लाय साधारण दोन वर्षं पाण्याखाली काढते. मेअखेरीस किंवा जूनमध्ये ती वर येते, कात टाकते, पंख पसरते आणि काठच्या झुडपात जाऊन पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक आज जगात मेफ्लाय एवढेच. प्रौढ माशीला खाता येत नाही, कारण तिचं तोंड निकामी झालेलं असतं. मीलन, अंडी आणि मरण, सगळं दोनचार दिवसांत उरकतं. या हंगामात एरवीचा सावध ट्राउटही बेफिकीर होतो, आणि पिसं-दोऱ्यांची नकली माशी घेतलेला गळकरी नेमकी हीच वेळ साधतो.

पण पिसं गुंडाळलेल्या गळाला वजनच नसतं, मग तो फेकायचा कसा? नेहमीच्या मासेमारीत वजन गळाकडं असतं, इथं ते दोरीत भरलेलं असतं. मध्यम प्रकारच्या दोरीचे पहिले नऊ मीटर सुमारे नऊ ग्रॅम भरतात. काठीचा झटका बसला की दोरीत एक वेटोळं तयार होतं आणि आसुडासारखं पुढं उलगडत जातं. हलता भाग लहान होत जातो, तशी ऊर्जा कमी कमी वस्तुमानात एकवटते. शेवटी ती निमुळत्या नायलॉनच्या धाग्यात उतरते आणि माशी अलगद पाण्यावर टेकते. निदान टेकायला हवी! नवख्याची ती बहुधा मागच्या झुडपात अडकते.

याहून रंजक आहे माशाची नजर. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळं वरचं सगळं जग माशाला सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून दिसतं. तीस सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची ही खिडकी जेमतेम अडुसष्ट सेंटिमीटर रुंद असते. तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशाचं काम करतो आणि नदीचा तळच दाखवतो. वाहत येणाऱ्या माशीचे आधी पाय दिसतात, म्हणजे त्यांनी पाण्यावर पाडलेले चमकते खळगे. मग खिडकीच्या कडेशी पंखांची टोकं उगवतात. काठावरची बुटकी वस्तू या कडेला इतकी चेपली जाते की गुडघ्यांवर बसलेला माणूस जवळपास अदृश्य होतो. दोरी प्रवाहानं ओढली गेली आणि माशी तिरकी सरकली, तर मात्र सोंग उघडं पडतं.

दोन्ही माशांच्या सवयी वेगळ्या. ट्राउट आपली जागा धरून बसतो, इतरांना हुसकावतो. ग्रेलिंग थव्यानं, तळाला धरून राहतो. त्याचं तोंड किंचित खालच्या बाजूला असतं आणि पाठीवरचा पर शिडासारखा उंच. माशी टिपायला तो तळातून वर झेपावतो आणि पुन्हा तळ गाठतो.

नकली माश्या कशा बांधाव्यात यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला विचाराल तर नदीत मासा राहील की नाही हे ठरतं तळाच्या खडीवर. ट्राउट हिवाळ्याच्या तोंडाशी खडीत अंडी पुरतो, ग्रेलिंग वसंतात. वाळूनं खडीच्या फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. युटलंडमध्ये ओलसर जमिनी शेतीसाठी सुकवल्या, तेव्हा मातीतलं लोह मोकळं होऊन गेरूसारखा थर नद्यांत उतरला. तो अंड्यांवर आणि माशांच्या कल्ल्यांवरही बसतो. स्क्येर्न ही देशातली सर्वांत जास्त पाण्याची नदी १९६० च्या दशकात कालव्यासारखी सरळ करण्यात आली. पुढं ही चूक सरकारनंच दुरुस्त केली: १९९९ ते २००२ या काळात १९ किलोमीटरच्या सरळ पात्राची २६ किलोमीटरची वळणदार नदी झाली.

ग्रेलिंगवर मात्र आणखी एक संकट कोसळलं. २०१० च्या आसपासच्या कडक हिवाळ्यांत किनारे आणि तळी गोठली. उपाशी पाणकावळे वाहत्या नद्यांकडं वळले आणि नंतरही येत राहिले. थव्यानं उघड्या पाण्यात राहणारा ग्रेलिंग त्यांना सहज सापडतो. संशोधकांनी रेडिओ-खुणा लावलेल्या ग्रेलिंगपैकी बहुतेक पाणकावळ्यांच्या पोटात गेले. २०११ मध्ये डेन्मार्कनं ग्रेलिंग ठेवून घेण्यावर बंदी घातली आणि पुढं ती वाढवत नेली. या बंदीत गळाला लागलेला ग्रेलिंग कितीही मोठा असला, तरी त्याला पाण्यातच परत सोडावं लागतं.