बंद केलेल्या औषधांची यादी

वृद्ध माणूस रुग्णालयांतून बरा होऊन बाहेर पडला म्हणजे धोका टळला, असा आपला सर्वांचा समज असतो. आजाराचा धोका पुष्कळदां टळलेला असतोहि. परंतु त्याच दिवशीं एक नवा धोका सुरू होतो, आणि तो औषधांच्या पिशवींतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं औषधांपासून होणारी इजा टाळण्याची मोहीम आरंभिली, तेव्हां तीन गोष्टींवर विशेष भर दिला: अधिक जोखमीचीं औषधें व प्रसंग, एकाच वेळीं अनेक औषधें घेणें, आणि रुग्णानें एका ठिकाणच्या देखरेखीखालून दुसऱ्या ठिकाणीं जाणें. रुग्णालयांतून वृद्धाश्रमांत जाणाऱ्या माणसाच्या ठायीं या तीनहि गोष्टी बहुधा एकत्र येतात.

नाशिक शहरांतील सातपूरचें उदाहरण घेऊं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि पुढें सातपुरास कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. तेथें तरुणपणीं कामास लागलेल्या पहिल्या पिढींतील माणसें आतां सत्तरी-ऐशींच्या घरांत आहेत. कोणाचीं मुलें पुण्यामुंबईस, कोणाचीं परदेशीं. त्यामुळें मोठ्या आजारानंतर कांहींजणांस वृद्धाश्रमाचा आश्रय घ्यावा लागतो. १९४८ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या कामगार विमा योजनेचें रुग्णालय सातपुरांत आहे, व पात्र निवृत्त कामगारांस अल्प वार्षिक वर्गणी भरून या योजनेखालीं उपचार चालू ठेवतां येतात. सोय चांगली आहे. परंतु तीमुळें एकाच माणसाचीं औषधें दोन निरनिराळ्या ठिकाणांहून येऊं शकतात, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

अशा एका निवृत्त कामगाराची कल्पना करा. रक्तदाबासाठीं तो विम्याच्या दवाखान्यांतून अम्लोडिपिनची गोळी आणतो; पाकिटावर औषधाचें मूळ नांवच छापलेलें असतें. पुढें अकस्मात् आजारी पडून तो एखाद्या खाजगी रुग्णालयांत दाखल होतो. तेथें त्यास टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन हीं दोन औषधें एकत्र असलेली गोळी सुरू करतात. तिच्यावर कंपनीनें ठेवलेलें निराळेंच नांव ठळक असतें. वृद्धाश्रमांत पोचतांना पिशवींत जुनें पाकीट असतें आणि नवेंहि असतें. नांवें भिन्न, रंग भिन्न. तेव्हां सेवक दोन्ही गोळ्या प्रामाणिकपणें देतो. अम्लोडिपिन दुप्पट पोटांत जातें, रक्तदाब नको तितका उतरतो, रात्रीं लघवीस उठतांना आजोबांना भोंवळ येते आणि खुब्याचें हाड मोडतें. येथें डॉक्टरांचें निदान चुकलें नाहीं, सेवकानें हयगय केली नाहीं. चूक झाली ती दोघांच्या मधल्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेंत.

तरुण शरीर अशी चूक पुष्कळदां सोसून नेतें. वृद्ध शरीरास तें साधत नाहीं. १९७६ सालीं कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनीं मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ति अजमावण्याचें एक सूत्र मांडलें. रक्तांतील क्रिएटिनिन १.२ असलेला, ३० वर्षांचा, ६० किलो वजनाचा पुरुष घेतला, तर या सूत्रानें ती शक्ति मिनिटास सुमारें ७६ मिलिलिटर येते. क्रिएटिनिन तेंच, पण वय ८० आणि वजन ४८ किलो असेल, तर ती अवघी ३३ भरते. तपासणीच्या कागदावरचा आंकडा एकच, परंतु गाळण निम्म्याहूनहि कमी! म्हणूनच डिगॉक्सिन किंवा मेटफॉर्मिन यांसारखीं, मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारीं औषधें वृद्धांच्या शरीरांत सांचून राहूं शकतात.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. रुग्णालयांतून मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर काय घ्यावें हें बहुधा लिहिलेलें असतें. काय घेऊं नये हें मात्र पुष्कळदां राहून जातें. मूत्रपिंडास अपाय होतो म्हणून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी डॉक्टरांनीं बंद केलेली असते, तरी जुन्या पिशवींत ती तशीच पडून राहते. उलटपक्षीं, रुग्णालयांतील चार रात्रींपुरती दिलेली अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी, "थांबवा" असें कोणीच न सांगितल्यामुळें, महिनोन् महिने चालू राहते. अमेरिकेंत मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं शुश्रूषागृहांतील वृद्धांसाठींच टाळावयाच्या औषधांची यादी तयार केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्यांत या जातीच्या झोपेच्या गोळ्या टाळाव्या असें सांगितलें आहे. कारण त्यांनीं वृद्धांस भ्रम होतो व तीं पडतात. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें असतें. तें चुकून रोज दिलें गेल्यास प्राणावर बेततें.

यावर उपाय महाग नाहीं. दुकानदार दिवसाच्या अखेरीस जमाखर्चाचा मेळ घालतो, तसा रुग्णालय सोडण्यापूर्वीं औषधांचा मेळ घालावा. घरचीं व रुग्णालयांतलीं सर्व पाकिटें टेबलावर मांडावीं आणि डॉक्टरांकडून किंवा औषधनिर्मात्याकडून तीन यादी लिहून घ्याव्या: पूर्वीचीं चालू राहणारीं औषधें, नव्यानें सुरू झालेलीं औषधें, आणि बंद केलेलीं औषधें. प्रत्येक औषधापुढें मूळ नांव, मात्रा, वेळ, तें कशासाठीं आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचें आहे, एवढें असावें. त्या दिवशींची शेवटची मात्रा किती वाजतां दिली हेंहि लिहावें. नाहीं तर इन्शुलिनसारखें औषध त्याच सायंकाळीं दुसऱ्यांदा दिलें जाण्याचा संभव असतो. बंद झालेलीं पाकिटें पिशवींतून तेथेंच काढून टाकावीं.

वृद्धाश्रमाच्या चालकांनीं ही यादी हातीं आल्यावांचून पहिली गोळी देऊं नये. यादी नसेल तर त्याच वेळीं रुग्णालयास विचारावें. पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांकडून ती पुन्हां तपासून घ्यावी. भोंवळ, गुंगी, बरळणें, तोल जाणें हीं लक्षणें नव्यानें दिसलीं, तर तीं वयाच्या माथीं मारण्यापूर्वीं औषधांकडे पाहावें. मात्र संशयावरून स्वतःच औषध बंद करूं नये. फेफऱ्यावरील किंवा हृदयाच्या कांहीं गोळ्या एकदम थांबविणें घातक ठरतें.

वृद्ध माणसाचे कपडे, चष्मा, काठी आपण आठवणीनें बरोबर देतों. त्या सामानांत हा एक कागद घातला पाहिजे, आणि त्यांतील "बंद" या शब्दाखालची जागा कोरी नाहीं ना, हें निघण्यापूर्वीं पाहिलें पाहिजे.